मनाचे दुखणे आणि दूरध्वनीचा आधार
(भाषणाचा संपादित मजकूर)

मनाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांकडे जावयाचे म्हटले की माणसाला आधी शेजारी आठवतात. मूल दहावीला नापास होते, नोकरी सुटते, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या शुश्रूषेत रात्रीची झोप उडते. तरी कर्ता माणूस गप्पच राहतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मानसिक विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहिलेले आढळले. त्यास अंतर व खर्च यांप्रमाणेच ही भीडही कारणीभूत आहे.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेमुळे ही भीड काहीशी सैल होते. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते, तेही मराठीतून. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो. आवश्यक वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून दिली जाते.

अडचण आहे ती वेगळीच. दोन खोल्यांच्या घरात सासूसासरे आणि मुले असताना आईने मोकळेपणी बोलावयाचे कोठे? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. पण दार लोटून घेण्याची सवड घरच्यांनीच द्यावयाची असते. ती नसेल तर गच्ची किंवा देवळाचा पारही चालतो. पडद्यावर चेहरा दाखविण्याचा आग्रह कोणी धरू नये. पुष्कळांना नुसत्या आवाजावरच बोलणे सोपे जाते. मात्र जीव देण्याची भाषा कोणी करू लागला, तर फोन लावावाच, परंतु त्यास क्षणभरही एकटे न सोडता जवळचे रुग्णालय गाठावे.