घरची घोडी आणि घरचा खर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लोणची-पापडांवर माझ्याहून चांगले बोलणाऱ्या पुष्कळ जणी येथे बसल्या आहेत. मला घोडीवर बोलायला सांगितले, कारण आमच्या दारात घोडी आहे. आणि आता ती पुष्कळांच्या दारात येऊ घातली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडील बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी दिली, मे २०२३ मध्ये ती कायम केली, आणि घाटात बैलांपुढे धावणारी घोडी हवी म्हणून घरोघर चर्चा सुरू झाली. घोडी आणायची हौस पुरुषांची. तोबरा भरायचा, पाणी ओढायचे, लीद काढायची ती आपण. तेव्हा हिशेबही आपणच मांडलेला बरा.

घोडीच्या किमतीला पुरुषमाणसे घासाघीस करतात. पण किंमत एकदाच द्यायची असते, पोट रोज भरायचे असते, आणि नीट सांभाळलेले जनावर पंचवीस वर्षेही जगते. घोडे पेंड खाते ते इथेच! आमच्या सासूबाईंच्या वेळी गायरान होते, बांधांवर हरळी होती. घोडी दिवसभर चरून येई. आता जमिनी कारखान्यांकडे आणि प्लॉटांकडे गेल्या. चाकणच्या बाजूला कडबासुद्धा बाहेरून येतो.

कमी पैशांत घोडे कसे राखावे हे पाहायचे असेल तर धनगरांच्या वाड्यावर जावे. दिवाळीच्या सुमारास ही मंडळी मेंढरे घेऊन कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याआधी परततात. भांडीकुंडी, कोकरे, कोंबड्या, कधी लहान मूल, सगळा संसार त्या बुटक्या घोड्यांच्या पाठीवर असतो. तीच भीमथडीची तट्टे. मराठ्यांच्या फौजा त्यांच्यावरच दूरदूर गेल्या. आपल्याच भीमेच्या काठाचे हे जनावर, आणि आपण मात्र उंच, पांढऱ्या, नाचणाऱ्या घोडीमागे लागतो. आमच्या शेतात मेंढरे बसवली होती तेव्हा त्या वाड्यावरच्या एका बाईंना मी विचारले, "तुम्ही चंदी काय घालता?" त्या हसून म्हणाल्या, "चालंल तितकं चरंल, वझं जास्त आसंल तवा मूठभर दाणं." बुटके तट्टू कमी खाते, खडकावर चालते, ऊन सोसते. ज्यांना ओझ्यापुरते किंवा लेकरांच्या हौसेपुरते घोडे हवे त्यांनी हेच घ्यावे.

आता माप. वैरण अंदाजाने घातली तर पैसा तरी वाया जातो किंवा जनावर तरी खंगते. शिवणकामाची टेप घ्यावी. पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजावा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी. टेप तोकडी पडली तर सुतळी लावावी. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. सेंटिमीटरात मोजले असेल तर उत्तर किलोत येते. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर वजन सुमारे २६५ किलो. शंभर किलोंमागे दीड ते दोन किलो कोरडी वैरण धरली की अशा घोडीला दिवसाला चार ते सव्वापाच किलो पुरते. पाणी पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मिठाचा खडा दावणीत कायम असावा.

कडबा शाळू निघाल्याबरोबर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात, वर्षाचा एकदम भरावा. मे महिन्यात शेकड्याचा भाव ऐकून रडण्यात अर्थ नाही. गंजी पावसाआधी झाकावी. बुरशी आलेली पेंढी गाय एखादे वेळी पचवील, घोडी पचवणार नाही. पाणी असेल तर दोन गुंठे लसूणघास लावावा. तो थोडा थोडा कडब्याबरोबर द्यावा, नुसत्या घासावर ठेवू नये.

आणि येथे मी जरा जोर देऊन सांगते. घोड्याला ओकता येत नाही. त्याची जठराची पिशवी लहान, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. लग्नाच्या वरातीनंतर उरलेला भात, पुऱ्या, बुंदी कौतुकाने घोडीपुढे ठेवण्याची रीत फार वाईट आहे. रात्री पोटशूळ उठतो, जनावर लोळू लागते, आणि सकाळपर्यंत घराची मिळकत गेलेली असते. गाईचे तयार पशुखाद्यही घोडीला घालू नये. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते; गाईला ते चालते, घोड्याचे हृदय त्याने बंद पडते. पोट दुखते आहे असे वाटले तर खाणे काढून घ्यावे आणि पशुवैद्याला लगेच बोलवावे. काढे पाजत बसू नये.

काटकसर कुठे करावी? नालात करता येते. मातीवर चालणाऱ्या घोडीला नाल लागतोच असे नाही. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर तासून घेतले की पुरे. डांबरावर वरातीला जाणारीला मात्र नाल हवेत. लीद उकिरड्यात कुजवली की उत्तम खत होते. पण धनुर्वाताच्या लसीत काटकसर नको. एवढ्याशा खिळ्याच्या जखमेने घोडे दगावते.

वरातीचे पैसे मिळतात, हे खरे. पण मुहूर्त वर्षातून थोडेच दिवस असतात आणि घोडी बाराही महिने खाते. ज्येष्ठात आळंदीहून निघणाऱ्या पालखीत धावणारा माउलींचा अश्व आपण डोळे भरून पाहतो. तो अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतो. मागे घराणे उभे आहे म्हणून ती परंपरा चालते. आपल्या मागे एक पगार उभा असतो. ज्या घरात चाऱ्याला जागा नाही, पोरांची फी थकली आहे आणि प्लॉटचे पैसे आले म्हणून घोडी आणायचे घाटते आहे, तेथील भगिनीने "नको" म्हणावे. म्हातारी झालेली घोडी हमरस्त्यावर सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत. ट्रकांच्या उजेडात ती उभी असते.

पुढच्या बुधवारी आमच्याकडे नालबंद येणार आहे. खूर कसे तासतात ते ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सकाळी आठच्या आत यावे. लेकरांना आणले तर घोडीच्या मागच्या बाजूला उभे करू नये.