काळे कुंकू आणि लाल खिडकी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



बंगळूरमध्ये मराठी माणूस व्यासपीठावर उभा राहिला की त्याने प्रथम शहाजीराजांचे स्मरण करावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो मी मोडत नाही. परंतु राजांच्या काळी कॅमेरा नव्हता, त्यामुळे आजच्या विषयात त्यांची मला फारशी मदत होणार नाही, एवढेच नम्रपणे सांगतो.

कार्यवाहांनी मला ‘जुने कॅमेरे आणि फिल्मची निवड’ हा विषय दिला आहे. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना हा विषय कोणाला हवा, अशी शंका मीच प्रथम काढली होती. पण गेली काही वर्षे रविवारी सकाळी आपल्यापैकी कोणाचा तरी नातू आजोबांचा कॅमेरा पिशवीत घालून माझ्याकडे येतो आणि विचारतो, ‘आजोबा, हा अजून चालेल का? ह्यात कुठली फिल्म घालायची?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘चालेल’ असे असते. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र मला माझ्या आईची दोन छायाचित्रे आठवतात. आजचे बोलणे त्या दोन छायाचित्रांच्या आधाराने करणार आहे.

पहिले छायाचित्र १९४२ सालचे, मिरजेचे. लग्नानंतर आईवडिलांनी स्टुडिओत जाऊन काढून घेतलेले. वडील खुर्चीवर, आई शेजारी उभी, मागे रंगवलेला पडदा आणि त्यावर कधीही कोणी न पाहिलेला कारंजा. ह्या छायाचित्रात आईच्या कपाळीचे कुंकू काळे कुळकुळीत आले आहे. शालू लाल होता, तोही काळा. ओठ काळे, चेहराही सावळा. आई प्रत्यक्षात चांगली गोरी होती. माझ्या आजीने तो फोटो पाहिला आणि नव्या नवरीच्या कपाळी काळे कुंकू म्हणजे अपशकुन, असे म्हणून तो ट्रंकेच्या तळाशी टाकला. १९५० नंतर वडिलांची बदली बंगळूरला झाली, ट्रंक येथे आली, पण फोटो भिंतीवर लागला नाही. आम्ही मुलांनी विचारले तर आई म्हणे, ‘तेव्हा फोटोत सगळं काळंच यायचं रे.’

आई चुकीचे सांगत नव्हती. त्या काळच्या पुष्कळ काचा आणि फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असत. निळा आणि हिरवा प्रकाश त्यांना कळे; लाल मुळीच कळत नसे. लाल वस्तूकडून जो प्रकाश येतो तो त्यांच्या दृष्टीने अंधारच. म्हणून कुंकू काळे, शालू काळा आणि आकाश मात्र पांढरे फटक. नववधूच्या हिरव्या चुड्याचे त्यांनी फारसे वाकडे केले नाही. आपापल्या घरी १९३० ते १९५० च्या दरम्यानचे लग्नाचे फोटो असतील तर आज रात्री पुन्हा काढून पाहा. काळे कुंकू बऱ्याच कपाळांवर सापडेल.

ह्या आंधळेपणाचा एक फायदाही होता. अशी फिल्म लाल दिव्याच्या उजेडात निर्धास्तपणे हाताळता येई. डार्करूम म्हटले की डोळ्यांपुढे लाल दिवा येतो, त्याचे मूळ येथे आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्म त्यांनी विलायतेहून आणली होती. ती फिल्म कडेची भोके न पाडताच येई. दादरच्या घरात, अंधारात बसून, सरस्वतीबाई फाळके यंत्रावर ती भोके पाडीत, फिल्म धूत आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. पुढे कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी कॅमेराच घरी तयार केला आणि त्यावर ‘सैरंध्री’ घेतला, तो १९२० साली पडद्यावर आला. कॅमेरा कोल्हापुरात घडवता आला. फिल्म मात्र घडवता येईना. ती बाहेरूनच आणावी लागे.

ती उणीव भरून निघाली ती आपल्या बंगळूरहून एका दिवसाच्या प्रवासावर. १९६० साली उटकमंडला सरकारने हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापन केला आणि १९६७ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. थंड आणि धूळविरहित हवा फिल्मला मानवते, म्हणून निलगिरीची निवड झाली. तेथल्या कृष्णधवल फिल्मचे नाव ‘इंदू’. चांदीच्या क्षारांवर चालणाऱ्या वस्तूला चंद्राचे नाव, हे मला फार आवडे. पिवळ्या डब्यातला रोल परवडत नसे तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी इंदूवरच हात बसवला. तो कारखाना आता बंद पडला आहे. आज देशात मिळणारी फिल्म पुन्हा बाहेरचीच आहे.

आता दुसरे छायाचित्र. हे मी काढले. १९८६ साल, १५ ऑगस्टच्या सुमाराचे लालबागचे पुष्पप्रदर्शन. आई तेव्हा बासष्ट वर्षांची. वडिलांचा जर्मन बनावटीचा घडीचा कॅमेरा माझ्याकडे आला होता. भात्याचा, १२० नंबरच्या रोलवर आठ फोटो देणारा. ह्या कॅमेऱ्याच्या पाठीवर एक लहानशी गोल खिडकी असते, तिला लाल काच. रोलच्या पाठीशी जो कागद असतो त्यावर आकडे छापलेले असतात. रोल पुढे सरकवताना खिडकीतून आकडा दिसला की थांबायचे. (नव्या मुलांना ह्याची फार गंमत वाटते.)

सकाळी आभाळ भरून आले होते. परदेशाहून आलेल्या भाच्याने दिलेला ४०० चा जलद रोल माझ्याकडे होता. ढगाळ हवेला तो योग्यच, म्हणून घातला. काचघराजवळ पोहोचलो तोच ऊन पडले. मी वेग वाढवला, छिद्र लहान केले आणि स्वतःवर खूष झालो. कॅमेरा गळ्यात उलटा लोंबकळत होता, पाठ उन्हाकडे. आईने कधी नव्हे ते दात दाखवून हसून फोटो दिला. एरवी फोटो म्हटला की ती ओठ मिटून, श्राद्धाला बसल्यासारखी बसे.

रोल धुऊन आला तेव्हा त्या हसण्यावर, डाव्या गालापासून खांद्यापर्यंत, धुक्यासारखा एक गोल पांढरा डाग होता. मी धुणाऱ्यावर संतापलो. अव्हेन्यू रोडच्या बाजूला एक वयस्क कन्नडिग छायाचित्रकार तेव्हा लहानसे दुकान चालवीत. त्यांच्याकडे पट्टी घेऊन गेलो. त्यांनी ती खिडकीशी धरली आणि विचारले, ‘हा डाग पुढच्या चार चित्रांतही त्याच जागी आहे. धुताना डाग पडला तर तो असा शिस्तीने पडेल काय?’ मग कॅमेरा उलटा करून लाल खिडकीवर बोट ठेवले.

ती काच लाल असण्याचे कारण आणि आईचे कुंकू काळे येण्याचे कारण एकच. जुन्या फिल्मला लाल प्रकाश दिसतच नसे, म्हणून लाल काचेतून आत येणारा उजेड तिला बाधत नसे. पुढे सर्व रंग ओळखणारी पँक्रोमॅटिक फिल्म घरगुती कॅमेऱ्यांत रुळली. कोडॅकने आपला प्रसिद्ध व्हेरिक्रोम रोल १९५६ साली पँक्रोमॅटिक केला. फिल्मला डोळे आले, पण वडिलांच्या कॅमेऱ्याची खिडकी आंधळ्या फिल्मसाठी केलेली होती. मंद रोल आणि मवाळ ऊन असते तर पाठीच्या कागदाने सांभाळून घेतले असते. ४०० ची फिल्म आणि ऑगस्टमधले बंगळूरचे ऊन ह्यांपुढे त्याचा निभाव लागला नाही. दोन पैशांची काळी चिकटपट्टी खिडकीवर लावली असती तर पुरे होते. धुणाऱ्याची मी क्षमा मागितली. पुढच्या माघात आई गेली.

त्या दिवसापासून मी कोणालाही फिल्म सुचवण्यापूर्वी कॅमेरा हातात घेतो. तुम्हीही तसेच करा. भात्याचा कॅमेरा असेल तर अंधाऱ्या खोलीत आत बॅटरी लावून भात्याच्या कोपऱ्यांतून उजेड झिरपतो का ते पाहा. शटरचा एका सेकंदाचा वेग लावून कानाशी धरा. ते वाटेत अडखळत असेल तर आतले तेल सुकले आहे, साफ करून घ्यावे लागेल. भिंगातून दिव्याकडे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातून आलेल्या कॅमेऱ्यांत ती हटकून असते. आपली हवा त्यामानाने कोरडी. आगफाचा क्लिक तर कित्येक घरांत असेल. त्याला १२० चाच रोल लागतो आणि तो आजही बनतो. ज्यांना ६२० किंवा १२७ चा रोल लागतो, ते कॅमेरे मात्र शोकेसमध्ये शोभतात, असे माझे स्पष्ट मत आहे. हौशी लोक त्यांनाही चालवतात, त्यांना माझा नमस्कार.

फिल्मवरचा आकडा म्हणजे तिची प्रकाशाची भूक समजा. १०० ची फिल्म बारीक दाण्याची, पण तिला उजेड भरपूर हवा. ४०० ला चौथाई उजेड पुरतो, दाणे मात्र थोडे जाड. जुना नियम असा, की भर उन्हात छिद्र १६ वर ठेवावे आणि वेग फिल्मच्या आकड्याजवळचा ठेवावा. १०० च्या फिल्मला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. मीटर बिघडला तरी हा नियम बिघडत नाही. हलके ढग आले की छिद्र एक घर मोठे, दाट आले की दोन ते तीन घरे. क्लिकसारख्या कॅमेऱ्यात वेग बदलण्याची सोयच नाही आणि तो वेगही मंद. तेथे उन्हासाठी १०० चाच रोल घाला, ४०० चा ठेवा तो पावसाळी संध्याकाळसाठी.

बंगळूरचा उजेड हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फुटांवर आणि विषुववृत्तापासून अवघ्या तेरा अंशांवर आहोत. एप्रिलच्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्यास दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. अशा वेळी माणसांचे फोटो घेतले तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो आणि सगळेच आजारी दिसतात. लालबागेत जायचे तर सकाळी आठला जा, नाहीतर ढगांची वाट पाहा. जूननंतरचे पातळ ढग म्हणजे चेहऱ्यांसाठी वरदान. तेव्हा ४०० चा रोल, कृष्णधवल किंवा रंगीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यांवर गुलाबी टॅबेबुया फुलते, ती १०० च्या रंगीत फिल्मवर घ्या. कृष्णधवल घालणाऱ्यांनी पिवळा फिल्टर लावावा, म्हणजे ढग उठून दिसतात. नंदी हिल्सवर पहाटेच्या धुक्यात मीटर फसतो आणि धुके राखाडी करून टाकतो. एक घर प्रकाश जास्त द्या.

रात्रीच्या करगाचे मला फार वेड होते. चैत्री पौर्णिमेला, मध्यरात्रीनंतर, धर्मरायाच्या देवळातून मोगऱ्याने लपेटलेला करग बाहेर पडतो, भोवती नंग्या तलवारी घेतलेले वीरकुमार. तेथे फ्लॅश मारणे मला अशिष्ट वाटते. ४०० ची कृष्णधवल फिल्म ८०० किंवा १६०० समजून वापरावी आणि धुताना तितका वेळ वाढवून घ्यावा. सावल्या बुडतात, दाणे फुलतात. पण मोगरा काळोखात पांढराच राहतो.

आपल्या ह्या सभागृहाविषयी बोलायचे तर गणेशोत्सवातले कित्येक जुने रंगीत फोटो हिरवे आले आहेत. तो ट्यूबलाइटचा प्रताप. रंगीत फिल्म बहुधा दिवसाच्या उजेडासाठी जुळवलेली असते; ट्यूबलाइट तिला हिरवा दिसतो आणि जुना पिवळा बल्ब नारिंगी. घरात आरतीचे, हळदीकुंकवाचे फोटो घ्यायचे असतील तर कृष्णधवल घाला किंवा खिडकीशी या. रंगीत निगेटिव्हला प्रकाश थोडा जास्त झालेला चालतो, कमी झालेला चालत नाही. पारदर्शिकांचे नेमके उलटे.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांसाठी एक सूचना. विमानतळावरची नवी सी. टी. यंत्रे न धुतलेला रोल धुरकट करतात. रोल हातातल्या पिशवीत पारदर्शक पिशवी करून ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा. घरी रोल फ्रिजमध्ये ठेवला तर वापरण्यापूर्वी तास-दोन तास बाहेर काढून ठेवा, नाहीतर त्याला दव धरते.

मिरजेचा तो फोटो मी आई गेल्यावर ट्रंकेतून काढून दिवाणखान्यात लावला. शेजारी लालबागचा, डागासकट. एका आप्तांनी तो डाग संगणकावर पुसून देण्याची तयारी दाखवली होती. मी नको म्हटले. गाल पुन्हा रंगवला तर तो आईचा असणार नाही.

अध्यक्षमहाराज, वेळ संपत आल्याची चिठ्ठी मिळाली आहे. वडिलांचा कॅमेरा येथे टेबलावर आहे. कार्यक्रमानंतर पायऱ्यांवर सर्वांचा एक फोटो घ्यावा असा विचार आहे. बाहेर ढग आहेत, म्हणून ४०० चा रोल घातला आहे. रोलमध्ये आठच चित्रे आहेत, तेव्हा गडबड करू नये. ज्येष्ठ भगिनींनी पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बसावे. खिडकीवर काळी पट्टी लावली आहे.