‘पाहिजेच’चा हट्ट

(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



यशस्वी विद्यार्थ्यांचे कौतुक आताच झाले. आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत, ते आज येथे न आलेल्यांविषयी.

आमचे चिरंजीव दहावीस अनुत्तीर्ण झाले, त्या वर्षी आम्ही संमेलनास आलो नाही. जन्मभर दुसऱ्यांची मुले शिकविली आणि घरचा मुलगा नापास! लोकांस तोंड कसे दाखवावे, या विचाराने आम्ही पंधरा दिवस त्याच्याशी अबोला धरला.

त्याच सुमारास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांचे विचार वाचनात आले. त्यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली. माणसास घटनेपेक्षा घटनेविषयीची स्वतःची धारणाच अधिक अस्वस्थ करते, हा विचार प्राचीन तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचा. एलिस यांनी त्यावर उपचाराची रीत बसविली. घटना, धारणा आणि परिणाम अशा तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. आपण पहिली व तिसरी पाहतो. मधली दिसतच नाही.

त्या मधल्या पायरीची उलटतपासणी करावयाची. या धारणेस पुरावा काय? ती तर्कास धरून आहे काय? तिचा उपयोग काय?

आम्ही स्वतःस हेच विचारले. मुलगा उत्तीर्ण व्हावा, ही इच्छा रास्त. पण ‘झालाच पाहिजे’ हा नियम कोणी केला? गणितात गुण कमी पडले, एवढ्यावरून मुलगा नालायक कसा ठरतो? आणि आमच्या अबोल्याने गुण वाढले काय? उलट, तो भरल्या पानावरून उठू लागला होता.

दुःख करू नका, असे ही पद्धती सांगत नाही. खेद माणसास पुन्हा अभ्यासास बसवितो. हताशा अंथरुणास खिळविते. हा भेद ओळखावा, एवढेच तिचे सांगणे.

एलिस यांनी हे प्रथम स्वतःवरच आजमाविले होते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, स्त्रियांशी बोलण्याचा संकोच जावा म्हणून, न्यूयॉर्कच्या वनस्पतिउद्यानात महिनाभरात एकशे तीस अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तीस जणी तत्काळ उठून गेल्या. एकीने पुन्हा भेटण्याचे कबूल केले, तीही आली नाही. तथापि आकाश कोसळले नाही. भीती मात्र गेली.

त्या रात्री आम्ही मुलाजवळ जाऊन बसलो आणि ‘गणिताचे पुस्तक आण’ एवढेच म्हणालो. त्याने ते आणले. पण उघडण्यापूर्वी तो पुष्कळ वेळ रडला. आम्हीही डोळे पुसले.

बंधुभगिनींनो, अशी मुले आजही आपल्या घरांतून दार लावून बसली असतील. पुढील वर्षी या समारंभाचे निमंत्रण त्यांनाही जावे, अशी कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे. ‘गेलेच पाहिजे’ असे मात्र आम्ही म्हणत नाही. तो हट्ट आम्ही सोडला आहे!