पावसाळी गटाराची किल्ली

तळोजा, डोंबिवली, तारापूर, महाड, लोटे इथून आलेल्या कारखानदार, अभियंता मित्रांनो,

स्वागत समितीच्या वतीने चेन्नईच्या नुंगंबाक्कममध्ये आपलं मनापासून स्वागत. तुमच्याकडून पाऊस माघारी निघतो तेव्हा आमच्याकडे तो बस्तान मांडतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा इथला खरा पावसाळा. चेन्नईच्या पावसाचा आकडा बातम्यांत ‘नुंगंबाक्कम’ या नावाने येतो, कारण हवामान खात्याचं केंद्र इथेच, कॉलेज रोडला आहे. ईस्ट इंडिया कंपनीने 1792 मध्ये वेधशाळा बांधली तीही याच भागात. आभाळाकडे बघण्यात आम्ही पटाईत. खाली पडलेल्या पाण्याचं म्हणाल, तर इथला तलाव आम्ही बुजवला आणि त्यावर वळ्ळुवर कोट्टम उभं केलं. शेजारच्या वस्तीला अजून ‘लेक एरिया’ म्हणतात. तेवढाच तो तलाव.

पण कारखान्यांतून पावसाबरोबर होणाऱ्या प्रदूषणावरची ही परिषद चेन्नईत घेण्याचं कारण इथून उत्तरेला, मणली-एन्नोरच्या औद्योगिक पट्ट्यात आहे. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस कोसळला आणि पुराच्या पाण्याबरोबर तेल बकिंगहॅम कालव्यात उतरलं. तिथून एन्नोरच्या खाडीत आणि पुढे समुद्रात. पाइपलाइन फुटलेली नाही, असं मणलीत तेलशुद्धीकरण करणाऱ्या चेन्नई पेट्रोलियम कंपनीचं म्हणणं होतं. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने मात्र त्यांच्या आवारातल्या पावसाळी पाण्याच्या व्यवस्थेत त्रुटी असल्याचं सांगितलं, आणि राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली. या सगळ्यात आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की पाइप फुटण्याची गरजच नसते. आवारात असलेलं तेल उचलून न्यायला पूर पुरतो. एन्नोरचे कोळी होड्यांतून बादल्या आणि मग घेऊन तो काळा थर उपसत होते. जाळी गेली, होड्यांच्या बुडाला तेल चिकटलं, खारफुटीची मुळं काळी पडली. ओसरलेल्या पाण्याची तेलकट रेघ घरांच्या भिंतींवर उरली.

हे चेन्नईत घडलं म्हणून आपण निर्धास्त होऊ नये. पहिला जोराचा पाऊस आला की नाल्याला रंग का चढतो, हे तळोज्याच्या कासाडीकाठच्या आणि महाडच्या सावित्रीकाठच्या माणसाला विचारा. त्या मुहूर्ताची वाट पाहून टाक्या मोकळ्या करणारे आपल्यातही आहेत. स्वागताच्या भाषणात हे बोलू नये म्हणतात, पण बोललो.

मला विचाराल तर दुखणं यंत्रांचं नाही, मालकीचं आहे. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीला ऑपरेटर असतो, मीटर असतो, नोंदवही असते. पावसाळी गटाराला कोण असतं? टँक फार्मभोवतीच्या बंधाऱ्यात पाणी साचतं, त्यावर सप्तरंगी तवंग येतो. पाणी बाहेर सोडण्याचा व्हॉल्व्ह एरवी बंद आणि कुलूपबंद हवा. त्याची किल्ली कोणाकडे? प्रॉडक्शन म्हणतं सिव्हिलकडे, सिव्हिल म्हणतं सिक्युरिटीकडे. रात्री दोन वाजता, पाऊस कोसळत असताना, पाणी पंपापर्यंत येऊ नये म्हणून कोणीतरी तो उघडतो. तवंग बघायला तेव्हा बॅटरी कोण घेतो?

हिशोब अवघड नाही. चार हेक्टर आवारावर एक सेंटीमीटर पाऊस म्हणजे चार लाख लिटर पाणी. अंगणातलं तेल, रंग, भुकटी बरीचशी या पहिल्या पाण्यातच येते. तेवढं अडवून ईटीपीला पाठवलं आणि मागचं स्वच्छ पाणी सोडलं, तर नदीवरचा बराच भार उतरतो. पण चक्रीवादळात वीस-तीस सेंटीमीटर पडतो, तेव्हा कुठलीच टाकी पुरत नाही. म्हणून पिंपांवर छप्पर, सांडलेलं त्याच दिवशी भुसा टाकून उचलणं, आणि पावसाळ्याआधी गटारातला गाळ काढणं, ही स्वस्त कामं आधी. ऑइल सेपरेटर लागतोच, पण साफ न केलेला सेपरेटर पुरात स्वतःच तेल ओकतो.

उद्याचं पहिलं सत्र सभागृहात नाही. सकाळी सहाला बस एन्नोरला निघेल. जुन्या चपला घाला, कालव्याकाठी चिखल आहे. तिथल्या मच्छीमारांशी बोलायचं आहे, तमिळ समजावून सांगायला आमची मंडळी सोबत असतील. नाश्ता परतल्यावर.

अध्यक्ष महोदयांना विनंती करतो की त्यांनी परिषदेचं उद्घाटन करावं.