रोजच्या व्यवहारातील लेखन

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले एकदोन मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



या व्यासपीठावरून आजवर थोर विद्वानांनी धर्म, समाज आणि शिक्षण या विषयांवर आपले विचार मांडले आहेत. मी पडलो कारकून. बत्तीस वर्षे एका सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज वाचण्यात गेली. तेव्हा विद्वत्तेचे काही सांगावे ही माझी पात्रता नव्हे. परंतु आपण सारे दररोज जे लिहितो, म्हणजे अर्ज, पत्र, पावती, निरोप, त्याविषयी अनुभवाचे दोन शब्द सांगता येतील असे वाटल्यावरून हा विषय मी चिटणिसांना सुचविला आणि त्यांनी तो मान्य केला, याबद्दल त्यांचा आभारी आहे.

आरंभी माझा स्वतःचा एक अपराध सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या कचेरीतील एक शिपाई नोकरीत असतानाच वारला. काही दिवसांनी त्याच्या पत्नीचा अर्ज टपालाने आला. दाट अक्षरांत लिहिलेली तीन पाने होती. ‘विषय’ या शब्दापुढे ‘विनंती अर्ज’ एवढेच लिहिलेले. पहिल्या पानावर पतीच्या एकनिष्ठ चाकरीचे वर्णन आणि साहेबांचे उपकार. दुसऱ्या पानावर आजारपणाची हकीकत. मी पहिले पान वाचले, दुसरे चाळले, बाई आभार मानीत आहेत असा समज करून घेतला आणि कडेला शेरा मारला : ‘दप्तरी दाखल’. ज्यांनी कचेरी जवळून पाहिली आहे त्यांना या दोन शब्दांचा अर्थ सांगावयास नको. कागद गठ्ठ्यात बांधला जातो आणि पुन्हा कोणी मागितल्याखेरीज उजेड पाहत नाही.

तिसऱ्या पानाच्या तळाशी, सहीच्या अगदी वर, कुटुंब निवृत्तिवेतन अद्याप सुरू झालेले नाही आणि मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे, असे लिहिलेले होते. दाखलाही टाचणीने लावलेला होता. तो अर्ज अकरा महिने गठ्ठ्यात पडून राहिला. त्या अकरा महिन्यांत त्या घरात चूल कशी पेटली ते मला मागाहून कळले. ते या सभेत सांगण्यासारखे नाही.

मग एके दिवशी एक पोस्टकार्ड आले. ते त्या बाईंच्या इयत्ता नववीत शिकणाऱ्या मुलीने लिहिले होते. त्यात वडिलांचे नाव, हुद्दा आणि मृत्यूची तारीख होती. आईचे निवृत्तिवेतन सुरू झालेले नाही हे होते. अमुक तारखेच्या अर्जासोबत दाखला पाठविला होता हे होते. आणि तो मिळाला की नाही एवढे कळवावे, अशी विनंती होती. अवघी चार वाक्ये! मी त्याच दुपारी गठ्ठा सोडला. तीन आठवड्यांत प्रकरण मार्गी लागले.

दोष माझा होता, हे मी तेव्हाही जाणले आणि आजही कबूल करतो. तिसरे पान वाचण्याचाच मला पगार मिळत होता. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. जी गोष्ट मुलीने पहिल्या ओळीत लिहिली ती आईने तिसऱ्या पानाच्या तळाशी का लिहिली? आईची भाषा काही मुलीहून उणी नव्हती. उलट अक्षर अधिक वळणदार होते.

याचे उत्तर मला माझ्या वडिलांच्या पत्रांत सापडले. आपल्या वाडवडिलांना पत्राचा मायना पाठ असे. वडील माणसांस तीर्थरूप, परक्या परंतु पूज्य माणसांस तीर्थस्वरूप, धाकट्यास चिरंजीव, इतरांस राजमान्य राजेश्री; मग साष्टांग नमस्कार विनंती विशेष; मग येथील क्षेम. माझे वडील गावाहून लिहीत ती पत्रे अशीच असत. पाऊस, आंब्याचा मोहोर, शेजारच्या घरचे लग्न हे सारे यथासांग लिहून झाले, ‘कळावे, लोभ असावा’ हेही झाले, की खाली बारीक अक्षरांत ताजा कलम येई : ‘तुझ्या आईचा ताप आठ दिवस उतरत नाही.’ किंवा ‘जमल्यास या महिन्यात पन्नास रुपये अधिक पाठवावे.’ पुढे पुढे मी वडिलांची पत्रे उलटी वाचावयास शिकलो. आधी ताजा कलम, मग मायना.

आपल्या लोकांचे लेखन बिघडते ते बहुधा भाषेच्या अज्ञानाने नव्हे, तर भिडेने बिघडते, असे माझे मत त्यावरून बनले. मागणे मागण्याची भीड, पैशाचा विषय काढण्याची भीड, नकार देण्याची भीड आणि दुसऱ्याच्या दुःखाजवळ जाण्याची भीड. या चार ठिकाणी आपली लेखणी अडखळते, आणि नेमकी हीच चार ठिकाणे संसारात वारंवार येतात.

अर्जात जे हवे ते पहिल्या दोन ओळींत लिहावे, बाकीची हकीकत मागाहून. वाचणारा मनुष्य दिवसभरात पन्नास कागद पाहून थकलेला आहे, हे गृहीत धरून लिहावे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर वाटोळे व मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, या सूचना तर त्यात आहेतच. परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती निराळी. तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, ते म्हातारपणी कामास येत नाही, असे समर्थ सांगतात. लिहिताना वाचणाऱ्याचे डोळे आठवावेत, मग ते डोळे पुढे आपलेच का असेनात!

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली झाला. त्यान्वये अर्ज मराठीत करता येतो, शुल्क दहा रुपये, माहिती का हवी याचे कारण सांगावे लागत नाही आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती होऊन अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा, असे ठरले. पुष्कळांना ही मर्यादा जाचक वाटली, आणि त्यांचा आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हे. तथापि दीडशे शब्दांत आपले म्हणणे बसविण्याचा अभ्यास प्रत्येकाने एकदा करून पाहावा. त्यातही एक मर्म आहे. ‘माझ्या घराची नोंद का केली नाही?’ असे विचारले तर अधिकारी कारणे देण्यास बांधलेला नाही. कायदा दप्तरात असलेली माहिती देतो, खुलासे देत नाही. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या टिपणीची आणि शेऱ्यांची प्रत मिळावी’ असे लिहिले, म्हणजे तेच उत्तर कागदावर हाती येते. राग प्रश्नात ओतण्यापेक्षा तारीख ओतावी.

आता पैशाची भीड. ‘भावाभावांत कागद कशाला?’ हे वाक्य आपल्यातील प्रत्येक घराने ऐकले आहे, आणि त्या वाक्यापायी दिवाळीच्या पंगती तुटलेल्याही आपण पाहिल्या आहेत. उसने दिलेल्या पैशाचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. परंतु १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात एक सोय आहे. ती मुदत संपण्यापूर्वी घेणाऱ्याने आपल्या सहीने देणे लेखी कबूल केले, तर त्या सहीपासून मुदत नव्याने मोजतात. म्हणजे ‘दादा, तुझे अमुक रुपये माझ्याकडे येणे आहेत, पुढल्या वर्षी देतो’ असे धाकट्याचे साधे पत्र थोरल्याचा हक्क राखते. मात्र त्यावर तारीख हवी. नसेल तर सही केव्हा झाली हे तोंडी पुराव्याने शाबीत करीत बसावे लागते. रक्कम आकड्यांत आणि अक्षरी, दोन्ही लिहावी. पाच हजार रुपयांहून अधिक रकमेच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप लावून त्यावर सही घ्यावी. हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. माणसे मरतात, आणि मागे राहिलेल्या मुलांना चुलता खरे बोलतो की आई, याचा निवाडा करण्याची पाळी येऊ नये, एवढ्याचसाठी हा कागद.

मृत्युपत्राचे तर नाव काढणेही अशुभ मानतात. वस्तुतः १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिता येते. करणाराची सही आणि ती पाहणाऱ्या किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी ऐच्छिक आहे. त्यात ‘गावचे घर’ असे मोघम लिहू नये. घराचा क्रमांक, गाव, तालुका लिहावा.

शुद्धलेखनाच्या भीतीने पुष्कळ भगिनी लिहितच नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि उच्चारात नसलेले कितीतरी अनुस्वार एका फटक्यात गेले. ते अनुस्वार देत देत आपल्या आज्यांनी उत्तम पत्रे लिहिली, न देता नाती लिहितात. ऱ्हस्वदीर्घ चुकल्यामुळे अर्ज फेटाळला गेल्याचे बत्तीस वर्षांत मला तरी आठवत नाही. नावाचे स्पेलिंग दाखल्यावर एक आणि अर्जावर दुसरे, म्हणून अडलेली माणसे मात्र शेकड्यांनी पाहिली.

यानंतर नकार. आपल्या वधूवर सूचक कक्षातील भगिनींना विचारा. मुलीकडून पत्रिका आणि छायाचित्र जाते, आणि मग महिनेच्या महिने काही नाही. फोन केला तर ‘कळवितो’. अखेर पत्रिका जुळत नाही असे तिसऱ्याच्या तोंडून कळते, आणि ग्रहांना विनाकारण दोष येतो. नकार देण्यात अपमान नाही. ताटकळत ठेवण्यात आहे. आठ दिवसांच्या आत असे काही लिहावे : ‘आपल्या कन्येची माहिती मिळाली. घरात सर्वांनी विचार केला. हा योग जमेल असे आम्हांस वाटत नाही. पत्रिका व छायाचित्र परत पाठवीत आहोत. आपण विश्वासाने विचारलेत याबद्दल आभारी आहोत.’ कारण देऊ नये. दिलेले प्रत्येक कारण मुलीच्या आईच्या मनात वर्षानुवर्षे राहते.

आणि दुःखाचे पत्र. गेल्या वर्षी माझी पत्नी निवर्तली. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेल्या हातांची चित्रे इतकी आली की मोजता येऊ नयेत. पाठविणाऱ्यांच्या भावनेविषयी मला शंका नाही. माझ्या हातूनही तेच शब्द अनेकदा गेले आहेत. परंतु त्यांतील एकही मला आता आठवत नाही. पूर्वीच्या शेजाऱ्यांचे एक पत्र आले. त्यात दोनच ओळी होत्या : ‘वहिनींनी आमच्या मुलीच्या बारशाला शिवलेली कुंची अजून कपाटात आहे. परवा नातीच्या डोक्याला ती घातली.’ ते पत्र मी पासबुकाच्या पाकिटात ठेवले आहे. गेलेल्या माणसाची आपल्यापाशी असलेली एखादी लहानशी आठवण लिहावी; घरच्या लोकांना ती ठाऊक नसते, आणि ती मिळाली की माणूस तेवढे परत आल्यासारखे वाटते.

शेवटी आपल्या मंडळाचीच गोष्ट. शिष्यवृत्ती समितीवर मी काम करतो. यंदा आलेल्या अर्जांपैकी पुष्कळ अर्ज वाचताना एकच माणूस बोलत आहे असे वाटू लागले. ‘उज्ज्वल भवितव्य’, ‘समाजाचे ऋण’, ‘अथक परिश्रम’. नंतर एका सभासदाच्या मुलाने सांगितले की हल्ली यंत्राला विषय दिला म्हणजे ते अर्ज लिहून देते. मी यंत्राचा वैरी नाही. शुद्धलेखन तपासण्यास, इंग्रजी पत्राचा मसुदा पाहून घेण्यास त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु तुमच्या घरातील अडचण त्याला ठाऊक नाही. ती तुम्ही सांगितली नाहीत तर ते गोड शब्दांनी जागा भरून काढते. त्याच गठ्ठ्यात एका मुलीचा हाताने लिहिलेला अर्ज होता. वडिलांचे दुकान कधी बंद झाले, दुसऱ्या सत्राची फी किती, तीपैकी किती जमली, किती कमी पडते, आणि सकाळच्या शिकवण्यांतून तिला स्वतःला किती मिळते. एवढेच. समितीला निर्णय करावयास पाच मिनिटे लागली नाहीत. बाकीच्यांत तिच्याहून अधिक गरजू मुले नसतीलच असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्यांच्या अर्जांवरून ते कळण्याचा मार्ग आमच्यापाशी नव्हता, आणि त्यांतील काहींना आम्ही नाही म्हटले. ही टोचणी त्या अकरा महिन्यांच्या टोचणीजवळच जाऊन बसली आहे.

म्हणून समितीने दोन गोष्टी ठरविल्या आहेत. पुढील वर्षापासून अर्जाच्या पहिल्याच चौकटीत ‘किती रक्कम कमी पडते व कशासाठी’ हे लिहावयाचे आहे. आणि ज्यांना यंदा नाही म्हटले त्यांना आम्ही स्वतः पत्रे पाठवून पुन्हा लिहावयास सांगणार आहोत. मुदत महिनाअखेरपर्यंत वाढविली आहे. दर रविवारी दुपारी चार ते सहा मी मंडळाच्या कचेरीत बसेन. अर्ज असो, पावती असो, कोणाला लिहावयाचे राहून गेलेले पत्र असो, घेऊन यावे. मी लिहून देणार नाही, शेजारी बसेन. चिटणिसांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे आणि आतून चहाचा वासही येत आहे, तेव्हा आपली रजा घेतो.