उन्हाळ्यातील दुचाकी प्रवास आणि संरक्षक पोशाख



चैत्र सरत आला की विदर्भ-मराठवाड्यातील रस्ते तापू लागतात. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो; नागपूर येथे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा उन्हातही दूधवाला, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, घरपोच वस्तू पोहोचविणारा तरुण यांना दुचाकीवरून फिरणे चुकत नाही. उकाडा असह्य झाला की जाड कपडे घरी राहतात, बुटांऐवजी चपला पायांत येतात आणि हेल्मेट आरशाला लटकू लागते. उन्हापासून सुटका मिळविण्याच्या या प्रयत्नात स्वार दुसऱ्या, अधिक मोठ्या संकटाच्या स्वाधीन होतो.

या संकटाचे स्वरूप आकड्यांवरून स्पष्ट होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होत्या. मृतांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. यांतील कित्येक घरांत कमावता हात तो एकच असेल.

वारा केव्हा गार, केव्हा गरम

‘अंग उघडे ठेवले की गार वाटते’ हा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तर वारा शरीरातील उष्णता वाहून नेतो. पण हवा ४२ किंवा ४४ अंशांवर गेली की तोच वारा शरीरात उष्णता ओततो. अशा वेळी शरीराला घामाच्या बाष्पीभवनाचाच आधार उरतो. उघड्या हातांवरील घाम धावत्या वाहनावर क्षणात सुकून जातो आणि शरीरातील पाणी झपाट्याने घटते. भर उन्हात राबणारा शेतकरी अंगभर सदरा घालतो व डोक्याला पटका बांधतो, त्यामागे हेच शहाणपण आहे.

वाळ्याच्या कूलरचे तत्त्व येथेही लागू पडते. जाळीदार जाकिटाच्या आत ओलसर सुती बंडी घातली तर कोरड्या हवेत ती बराच वेळ गारवा देते. मात्र हवा फारच तापलेली असल्यास जाकिटाचे काही झरोके बंद ठेवावेत, म्हणजे ओल लवकर उडून जात नाही. रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट हवेत कूलर जसा निरुपयोगी ठरतो, तशी ही युक्तीही तेथे फारशी चालत नाही. किनारपट्टीवर मोठ्या जाळीचे, वारा खेळते ठेवणारे जाकीटच सोयीचे.

शिरस्त्राण सर्वप्रथम

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने ख्यात झालेले टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलच्या अपघातात मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे शल्यविशारद होते. पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या मेंदूच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व सप्रमाण मांडले. हेल्मेटच्या योग्य वापराने मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी व डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो, असे नंतरच्या संशोधनातही आढळून आले.

हेल्मेट घेताना भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह व ‘आयएस ४१५१’ हा क्रमांक पाहावा. कपाळावर व हनुवटीवर हवेचे झरोके असलेले, फिक्या रंगाचे, आतील अस्तर काढून धुता येण्याजोगे हेल्मेट उन्हाळ्यास योग्य. त्याखाली जाड दुपट्टा गुंडाळल्यास ते डोक्यावर घट्ट बसत नाही. पातळ सुती टोपी पुरेशी होते. पट्टा न लावलेले हेल्मेट आपटण्यापूर्वीच निसटून जाण्याचा संभव असतो. एकदा जोराचा आघात झालेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये, कारण आतील थर्मोकोलसारखा थर दबलेला असतो.

जाकीट, हातमोजे व पादत्राणे

चामड्याचे जाकीट घर्षणास उत्तम टिकते, परंतु आपल्या उन्हाळ्यात ते अंगावर ठेवणे कठीण. छातीवर व पाठीवर जाळी आणि खांदे व कोपरांवर घट्ट विणीचे कापड असलेले जाकीट हा व्यवहार्य मध्यममार्ग होय. त्यातील गाद्यांवर ‘ईएन १६२१’ हे युरोपीय मानक असावे. संपूर्ण पोशाखासाठी ‘ईएन १७०९२’ या मानकात ए, एए व एएए अशा चढत्या श्रेणी आहेत. जाकीट सैल असल्यास पडताना गादी कोपरावरून सरकते, म्हणून ते अंगाबरोबर बसणारे घ्यावे.

पडणारा माणूस प्रथम हात टेकतो. म्हणून तळव्यावर मजबूत चामडे व वरच्या बाजूस छिद्रे असलेले हातमोजे घ्यावेत. पायांत चपलेऐवजी घोटा झाकणारे बूट असावेत. साध्या सुती विजारीवर गुडघ्याच्या ढाली बांधल्या तरी पुष्कळ बचाव होतो.

हा सर्व संच एकदम घेणे प्रत्येकास परवडणारे नाही. तेव्हा आधी उत्तम हेल्मेट, नंतर हातमोजे व बूट, त्यानंतर जाकीट असा क्रम ठेवावा. मागे बसणाऱ्यासाठी दुसरे हेल्मेट ही चैन नव्हे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकांसाठी सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा २०२३ पासून नियमानेच बंधनकारक झाली आहे.

पोशाखाला पथ्याची जोड

कोणताही पोशाख उष्माघात पूर्णपणे टाळू शकत नाही. शक्यतो दुपारी बारा ते चार हा वेळ टाळावा, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक वा पन्हे घ्यावे आणि तासाभराने सावलीत थांबावे. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही लक्षणे दिसताच वाहन बाजूला घ्यावे. स्वार असंबद्ध बोलू लागला तर त्याचे अंग ओले करून वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ऊन दरवर्षी येणार आणि कामेही थांबणार नाहीत. कपाटात ठेवलेल्या महागड्या जाकिटापेक्षा भर मे महिन्यातही अंगावर राहील असा हवेशीर, साधा पोशाख अधिक मोलाचा. सायंकाळी घरची माणसे दाराकडे डोळे लावून बसलेली असतात, याचे स्मरण सकाळी हेल्मेटचा पट्टा आवळताना प्रत्येक स्वाराने ठेवावे.