हातोडी घ्यायची की पाना?

सहयोगिनी म्हणून गावोगाव बैठका घेत फिरताना एक गोष्ट सारखी दिसते. गटातल्या बायका वर्गणी काढून भजनी मंडळ उभं करतात. पेटी येते, टाळ येतात, तबला किंवा ढोलकी येते. पण ते वाद्य सुरात लावायचं साधन मात्र कुणी घेत नाही. त्यासाठी गावातल्या एखाद्या दादांची वाट बघायची. दादा आले नाहीत, तर ढोलकी बद्द वाजते. आले, तर ते वाद्य आपल्या, म्हणजे पुरुषांच्या सुरात लावून जातात. मग आपण खाली घोगऱ्या आवाजात गातो, नाहीतर वर ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी घसा बसतो. गळा वाद्याकडे ओढायचा नाही, वाद्य गळ्याकडे आणायचं. त्यासाठी कोणतं साधन घ्यावं, ते आज बोलू.

आधी आपला सूर ओळखा. मंडळात जी पुढे गाते, तिला रोजचा एखादा अभंग म्हणायला सांगा. सगळ्यात खालची ओळ आणि सगळ्यात वरची ओळ, दोन्ही जिथे सहज निघतात, तो षड्ज पेटीवर शोधा. बायकांचा सूर बऱ्याचदा काळी चार, काळी पाचच्या आसपास असतो आणि पुरुषांचा काळी एक, काळी दोनच्या. सापडलेली पट्टी गटाच्या वहीत लिहून ठेवा.

मग वाद्य बघा. उंच सुराला लहान तोंडाचा तबला लागतो, साधारण ५ इंचांचा. साडेपाच इंच किंवा त्याहून मोठ्या तोंडाचा तबला खालच्या सुराचा. तो ठोकून ठोकून काळी चारपर्यंत चढवायला गेलात, तर पुडी फाटेल. पण असा तबला घरात असेल तर टाकून देऊ नका. तुम्ही काळी चारमध्ये गात असाल, तर तो काळी दोनवर लावा. तो तुमचा पंचम होतो आणि गाण्याला शोभतो.

आता साधन. ते वाद्याच्या बांधणीवर ठरतं.

तबल्याला चामड्याची वादी आणि लाकडी गठ्ठे असतात, त्याला हातोडी लागते. दुकानात ती हातात धरून बघा. डोकं पितळेचं असो की लोखंडाचं, ते दांड्यात घट्ट बसलेलं हवं, हलवून बघितल्यावर डुगडुगायला नको. ठोकायची बाजू गुळगुळीत हवी, धारेची हातोडी गजरा कापते. फार जड घेऊ नका. जड हातोडीचा घाव आवरत नाही, हलकीचे दोन घाव जास्त घालावे लागले तरी चालतील. वाद्य लावायचं काम जिच्याकडे देणार आहात, तिच्याच हातात देऊन बघा. घरातली खिळे ठोकायची हातोडी किंवा वरवंटा चालत नाही. एका मंडळात कार्यक्रमाच्या घाईत वरवंट्याने ठोकलं, तो निसटून पुडीवर बसला आणि भजन नुसत्या टाळांवर झालं.

नटबोल्टच्या ढोलकीला हातोडी नको, पाना हवा. इथे मापच महत्त्वाचं. ढोलकीचा एक नट काढून हार्डवेअरच्या दुकानात न्या आणि त्यावर घट्ट बसणारा पाना घ्या. कमीजास्त होणारा पाना सगळीकडे चालतो खरा, पण तो निसटतो आणि नटाचे कोपरे झिजवतो. नट एकदा गोल झाला की कुठलाच पाना धरत नाही. दोरी आणि कड्यांची ढोलकी असेल, तर काहीच विकत घेऊ नका. कड्या हातानेच सरकतात.

साधन आल्यावर हात बसवायचा. तबल्याच्या पुडीच्या कडेला वेणी घातल्यासारखा गजरा असतो. त्यात १६ घरं आणि बाहेरून ८ गठ्ठे. सूर बराच उतरला असेल, तर गठ्ठे वरून खाली ठोका, सूर चढतो. उतरवायचा असेल, तर खालून वर ठोका. थोडाच फरक असेल तर गठ्ठ्यांना हात लावू नका. गजऱ्यावर वरून हलका घाव घातला की सूर चढतो, खालून घातला की उतरतो. एका बाजूला घाव घातला की पुढचा बरोबर समोरच्या बाजूला घाला. पाण्याचंही तेच. एक नट पाव फेरी, मग समोरचा पाव फेरी. दर वेळी पेटीचा सूर धरून कडेने बोट वाजवत जा. सगळीकडे एकच सूर आला की वाद्य लागलं. फोनवरचं सूर दाखवणारं ॲप मदतीला घ्या, पण तबल्याच्या आवाजाने त्याचा काटा हलत राहतो. शेवटचा निवाडा कानाचा. आणि घाव पडायचा तो गजऱ्यावर किंवा गठ्ठ्यावर, शाईवर किंवा चाटेवर कधीच नाही.

पखवाज असेल, तर उजवीकडे हातोडी आणि डावीकडे, धुमेवर, कणीक. कणीक वाढवली की आवाज खाली जातो. भजन संपल्यावर ती हाताने काढून टाका, नाहीतर उंदीर कणकेसोबत चामडंही खातात. पावसाळ्यात चामडं सैलावतं, उन्हात ताणतं, म्हणून कार्यक्रमाच्या जागी पोचल्यावर अर्धा तास वाद्य लावायला राखून ठेवा.

या महिन्याच्या बैठकीत दोन ठराव घ्या. पहिला, वाद्याच्या खर्चात हातोडीचा किंवा पान्याचा खर्च धरायचा. दुसरा, ते साधन दोघींच्या ताब्यात द्यायचं, म्हणजे एक माहेरी गेली तरी अडणार नाही. त्या दोघींनी आठवड्यातून एकदा पेटी काढून बसावं. सुरुवातीला वेळ लागेल, लागू द्या. आणि ज्या दादांनी आजवर वाद्य लावून दिलं, त्यांनाच पहिले चार दिवस शिकवायला बोलवा. फक्त पट्टी आपल्या वहीतली सांगा.